एजंट बोंडअळी, भाग दोन: लोक काय म्हणाले

२ एप्रिल २००६

ढाणकीत आज आपली सीडी लागली. बाजाराचा दिवस, व्हिडिओ हॉल गच्च. मी मागे उभा. पहिल्या भागाच्या वेळी लोक काय म्हणाले ते लिहून ठेवलं नाही, म्हणून या वेळी ठरवलंच — जो बाहेर येईल त्याला विचारायचं आणि जे म्हणेल ते इथे तसंच्या तसं उतरवायचं.

"पयला भारी होता." (असं म्हणणारे सहा जण. सहा!)

"हिरोचं पोट लय वाढलं." हे घनश्यामला सांगणार नाही. हिरो तोच, आणि शूटिंगचा जनरेटरही त्याचाच.

"गाणं काहून नाही टाकलं गा?"

"सरकारनं बोंडअळी शोधाले एजंट ठेवला, मंग कापसाच्या भावाले शोधाले कोन ठेवला?" हा माणूस हसला नाही, मीही नाही.

एक म्हातारा म्हणाला, "समजलं काही नाही, पण आतमधी थंडं वाटलं."

जाऊ दे. कोडवाल्या सीनला मात्र हॉल उठला. शत्रूची हेर, पाठीवर फवारणीचा पंप, नोझल तोंडाजवळ धरून वायरलेससारखी बोलते. बोलते गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आणि आपला एजंट कापसाच्या पऱ्हाटीत लपून ते गुप्त कोड म्हणून लिहून घेतो, घामाघूम होतो, शेवटी काट्यावर बसतो. एक पोट्टा हसता हसता बाकावरून खाली पडला. आयडिया माझी! हेर झालेल्या संगीताला मी एवढंच म्हटलं होतं, "तुझ्या भाषेत काहीबी बोल, कोनाले समजते!"

४ एप्रिल

यवतमाळात दोन शो. कोडवाली, कोडवाली, कोडवाली. दुसरं कोणाचं नाव नाही. घनश्याम फुगून बसला आहे.

संगीताला सांगायला हवं. दिवाळीनंतर ती स्वतःहून माझ्या शूटिंगच्या दुकानात आली होती. डी.एड.ला आहे, बंजारा तांड्यावरची पोरगी. "दादा, दुसरा भाग काढून राह्यले म्हने, मले घ्या." फुकटात तयार झाली. होस्टेलचा फोन आज तीनदा वाजला, कोणी उचलला नाही.

७ एप्रिल



बोरी अरबला बादलचं सीडीचं दुकान आहे. त्यानं सांगितलं, पलीकडच्या तांड्यावर भावसिंग बाबांकडे टीव्ही आहे, तिथे दाखवा, गिऱ्हाईक मिळेल. गेलो. पन्नासेक माणसं अंगणात. सुरुवातीला मस्त हसले. घनश्याम सायकलवरून पडला तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, आता कोडवाला सीन येऊ दे, अंगण डोक्यावर घेतील.

सीन आला. कोणी हसलं नाही. एकही माणूस नाही. पोट्टे हसायला लागले तर बायांनी त्यांची तोंडं दाबली. भावसिंग बाबा उठले, टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे वळले.

"ह्या पोरीचा बाप कोन हाये?"

मी म्हटलं, माहीत नाही जी.

"बापाले दाखवलं का हे?"

आवाज असा होता की मी सीडी काढली, गाडीला किक मारली आणि निघालो. मार खाल्ला असता. चप्पल तिथेच राहिली.

९ एप्रिल

दुसरा तांडा, दारव्ह्याकडचा. वाटलं, पहिल्यांदा नशीब खोटं होतं. तेच झालं. तोच सीन, तीच शांतता. एका बाईनं विचारलं, "पोरीचं वय काय?" मी सांगितलं, एकोणीस-वीस असेल. ती खाली बघून बसली. पुढचा पाऊण तास सिनेमा चालला, पण बघत कोणीच नव्हतं.

१० एप्रिल

घनश्याम म्हणतो, "त्यायच्या बोलीची मस्करी केली, म्हनून चिडले. कापून टाक सीन. उद्या दुकानावर येतीन दगडं घेऊन."

आईला जेवताना सांगितलं, वाटलं ती तरी आपल्या बाजूनं बोलेल. आईनं भाकर थापत थापतच सुनावलं. "शाळेत मास्तर तुह्या बोलन्याले हासे, वस्तीतला पोट्टा म्हने. घरी येऊन भिंतीले लाथा मारे तू. मी पाह्यलं हाये. आता तूच हासवून राह्यला दुसऱ्याच्या बोलीवर."

मी म्हटलं, कॉमेडी आहे आई, तुले नाही कळत. ताट सरकवून उठलो. उगाच. ती बरोबर बोलली होती आणि मला ते तेव्हाच कळलं होतं.

ठरवलं. सीन कापतो. नव्या पाचशे सीड्या त्याच्याशिवाय काढायच्या. संगीताला काय वाटेल ते नंतर बघू.

१२ एप्रिल

कापण्याआधी बादलला एकदा विचारावं म्हटलं, नेमकं वाईट काय लागलं म्हणून. तो त्यांच्यातलाच आहे. त्यानं दुसरा भाग विकायला ठेवला, पण पाहिला नव्हता. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसलो.

संगीता बोलायला लागली. बादलच्या हातात चहा होता, तो तसाच राहिला. मी दोनदा विचारलं, काय म्हणते?  मग रिमोट घेऊन त्यानं सीन मागे नेला आणि एकेक वाक्य थांबवत सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

"याडी, बापू, घरात मी तीनदा सांगतलं. तुम्ही ऐकलं नाही. म्हनून इथून सांगून राह्यली. मले त्या घरी देऊ नका. त्याची पहिली बायको सोमली पाय घसरून विहिरीत नाही पडली. जिले माहीत हाये ते माह्या खोलीत राह्यते, तिले बोलवा, विचारा. मी सगळ्या तांड्यासमोर बोलली. आता नायकानं ऐकावं."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. "नायकानं ऐकावं" या ठिकाणी आपला एजंट काट्यावर बसतो.

 सात टेक घेतले होते मी त्या सीनचे. सात वेळा ती हे बोलली, माझ्या तोंडासमोर, चार हातांवर! मी तिला म्हणत होतो, "अजून रडकं बोल, मजा येते." सातव्या टेकला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. काय ॲक्टिंग करते पोट्टी, म्हटलं. याडी म्हणजे आई हे तर मलाही माहीत होतं. जिल्ह्यात कोणाला माहीत नाही?

बादलला विचारलं, मला सरळ मराठीत का नाही सांगितलं तिनं? तो म्हणाला, "तुम्हाले सांगून काय होते? घरात बोललेलं घरात दाबता येते, दादा. तांड्यासमोर बोललेलं नायकाले घ्याच लागते, नसाब बसवा लागते." नसाब म्हणजे त्यांची पंचायत. "पोरीनं तुमच्या सिनेमातून अख्ख्या जिल्ह्याच्या तांड्यायले सांगून देल्लं."

भावसिंग बाबा मला मारायला उठले नव्हते. ते मला तिच्या बापाकडे जा म्हणत होते. आणि मी पळालो.

१३ एप्रिल

होस्टेलवर गेलो. संगीताच्या खोलीत मथुरा नावाची मुलगी एकटी होती. दारातच म्हणाली, "तुम्ही बोंडअळीवाले ना? लय उशीर केला."

संगीताला होळीला घरी नेलं ते परत पाठवलंच नाही. लग्न आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीस तारखेला. सोमली ही मथुराची मोठी बहीण. सोमली गेली तेव्हा मथुरा तिच्याकडेच होती, तिनं काय पाहिलं ते तिनं मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं तिनं पंचायतीत सांगायचं आहे.

सतरा दिवस उरले.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून मिरवणुकीचं शूटिंग. वस्ती नाचत होती, निळा गुलाल उडत होता, मी कॅमेरा धरून. डोकं दुसरीकडेच. ऑर्डर घेतलेली, जाता आलं नाही.

१६ एप्रिल

घनश्यामला सगळं सांगितलं. तो उठला आणि जनरेटर जीपमध्ये चढवला. भारनियमनात तांड्यावर लाईट नसते. तो, मी आणि बादल. वाटेत घनश्याम एकदाच बोलला, "पोरगी हे बोलून राह्यली होती, अन् मले वाटे लोक माह्या पोटाले हासते."

संगीताच्या तांड्यावर ही सीडी पोहोचलीच नव्हती. म्हणजे आली होती, तिच्या बापानं, धावजी काकांनी, तीन घरांतून गोळा करून नेली होती. कोणीतरी कानावर घातलं होतं की पोरगी सिनेमात काहीबाही बोलते. त्यांनी स्वतः पाहिली नव्हती.

दिवस बुडायला आला तेव्हा प्रेमसिंग नायकांच्या ओट्यापुढे टीव्ही लावला. नायकांना आधी सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "लावा. मी बसतो." धावजी काका आले, पागोटं डोक्याला, हातात काठी. माझ्याशी बोलले नाहीत. संगीता घरात होती, दार बाहेरून लावलेलं. आमच्या बसण्याच्या जागेवरून ते दार दिसत होतं.

मी हसवायचं काही दाखवलंच नाही. सरळ तो सीन लावला. पोरगी बोलली. टीव्हीतला घनश्याम काट्यावर बसला, तेव्हा घनश्यामनंच मान फिरवली.

धावजी काका म्हणाले, "परत लाव."

लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा त्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं. मग माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "भाऊ, तुम्ही हिले असं बोलाले सांगतलं का?"

मी म्हटलं, नाही काका. काहीबी बोल म्हटलं होतं.

"मंग पोरगी काहीबी नाही बोलली," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. ज्यांना शब्द दिला त्यांचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले. मला वाईट वाटलं त्यांचं. रागावून गेलो होतो मी.

तिची आई रुपीबाई कोणाला न विचारता उठल्या, घराची कडी काढली आणि संगीताला हाताला धरून आणून सगळ्यांच्या मध्ये आपल्या शेजारी बसवलं. संगीता रडली नाही. टीव्हीवर स्वतःला बघत होती. नायकांनी नसाब वीस तारखेला ठेवली.

२० एप्रिल

मला आत बसू दिलं नाही. बरोबरच आहे. लिंबाखाली पाच तास बसलो. मथुरा आपल्या बापाबरोबर आली आणि आत गेली. बादलनं बाहेर येऊन सांगितलं, ती सगळं बोलली, एकदाही थांबली नाही. मुलाकडच्यांनी खूप आरडाओरडा केला. नायकांनी धावजी काकांना दिलेल्या शब्दातून मोकळं केलं, लग्न मोडलं. मथुराचा बाप उद्या ठाण्यात अर्ज देणार.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घे." दोन भाकरी खाल्ल्या.

२३ एप्रिल

पाचशे सीड्यांची ऑर्डर दिली. सीन कापला नाही. बादल म्हणतो, कापायचा नाही.

३० एप्रिल

आखजी. लग्न नाही! संगीता दुकानात आली होती, कॉलेजला परत निघाली आहे. मी हात जोडले. ती म्हणाली, "दादा, तसं करू नका, मले कसंतरी होते."

मग मी विचारलंच. बाकी सगळ्यांचं मत लिहिलं, तुझं राहिलं. सिनेमा कसा वाटला?

"हासली मी. घनश्यामदादा सायकलवरून पडते तिथीसा."

मी म्हटलं, मला आधी विश्वासात घेतलं असतंस तर?

"तुम्ही सीन काढून टाकला असता. लफडं नको म्हनून."

 दहा तारखेला काढतच होतो. मग विचारलं, हे सुचलं कसं तुला, कोडमध्ये खरं बोलायचं?

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्हाले माहीत नाही? दादा, खरंच नाही माहीत? मथुराकडं तुमच्या पयल्या भागाची सीडी हाये. सोमली गेल्यावर आठ महिन्यानं मिळाली तिले. तेच पाहून तं मी तुमच्याकडं आली." बॅग उचलता उचलता म्हणाली, "कापूस वेचणाऱ्या बायांचा सीन पाहा. बादलदादाले सोबत घेऊन पाहा."

१ मे

पाहिला. अर्ध्या मिनिटाचा आहे. वेचणीवाल्या बायांमधून एकीला मी पुढे बोलावलं होतं, कॅमेऱ्याकडे बघून तुमच्या भाषेत काहीबी बोला म्हणून. तिचं नावही विचारलं नव्हतं. ती सोमली होती. बादलनं सांगितलं ती काय म्हणते: "आमच्या गावाकडं कोनी जाऊन राह्यलं असन तं माह्या बापाले सांगजा, मले येऊन घेऊन जा म्हना." ती बोलत असताना मागून कोणीतरी हसतं. तो आवाज माझा आहे.