शिकंज्याचा तास

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न.

पार्किन्सनने हात थरथरतो, त्याचं मी मनाला लावून घेत नाही. पण आता दिवसाढवळ्या झोप येते गं, तीही न सांगता. परवा पुठ्ठा चिकटवता चिकटवता डुलकी लागली आणि वकिलांचं जाडजूड पुस्तक मी उलटं बांधलं. खाली डोकं, वर पाय! वकील हसले, माझी लेक नाही हसली. तिने कागद कापायच्या मशीनचा दांडा काढून कपाटात कुलपात ठेवला. म्हणते, बाबा, दुकान बंद करू. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, आता माश्या मारत बसू? डॉक्टरांकडे झोपेचा विषय काढलेला नाही. म्हातारा झोपतो, त्यात सांगायचं काय?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कमाल आहे तुझी! तीस वर्षं मी वॉर्डात नर्स, आणि माझाच भाऊ डॉक्टरांपासून झोप लपवतो! अरे, या आजारात अशी झोप येते, कधी गोळ्यांनीही येते. हा आळस नव्हे. पण मनाने गोळी बंद केलीस तर येऊन कान पकडीन. एक वही कर. गोळी कधी घेतलीस, डोळा कधी लागला, सगळं लिही आणि डॉक्टरांपुढे ठेव. दांडा काढला ते लेकीने शहाणपणाचं केलं. मला तुझी बोटं हवी आहेत, सगळी.

जप स्वतःला, हे हक्काने सांगते.

ताई

ता. २ मे

ती. ताईस सा. न.

वही लिहिली, दाखवली. आधी का नाही बोललात, म्हणून डॉक्टरांनी झापलं आणि एक गोळी बदलली. झोप निम्मी झाली. उरलेली अकराला हटकून येते. मग मीही साडेदहाला पुस्तकं चिकटवून शिकंज्यात आवळतो. सरस वाळायला तास लागतो, तेवढा वेळ मी बाकावर आडवा. गिऱ्हाईक आलं की लेक सांगते, पुस्तक आणि बाबा दोघंही वाळतायत, तासाभराने या.

दुकान बंद करायचं आता ती नावही काढत नाही. काल तिने कपाट उघडून दांडा माझ्या हातात दिला. ताई, डोळे भरून आले गं. मी तो मशीनला बसवला आणि तिलाच पुढे उभं केलं. म्हटलं, शिवणं माझं, कापणं आजपासून तुझं. पहिलाच काप वाकडा गेला. मी टक्क जागा होतो, तरी चकार शब्द काढला नाही.

हे पत्र त्याच वाकड्या कागदावर लिहिलंय. काळजी थोडी कमी कर, लोभ तेवढाच ठेव.

तुझा धाकटा