घुंगरांचा चेंडू

भोकरदन, मंगळवार, दिवेलागणीला

आजचं लिहून काढते. मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आमची मांजर मनी त्यांच्या खोलीचं दार ओरबाडते. खोलीला महिनाभर कुलूपच आहे. म्हणून ह्यांनी लाकडाला सुतळी गुंडाळून तिच्यासाठी खांब केला. दार सोडून खांबावर नखं घासली, की मी घुंगरांचा चेंडू घरंगळत टाकते. तेच तिचं बक्षीस. आठवड्यात शहाणी झाली.

आज चेंडू जोरात गेला आणि दाराखालच्या फटीतून खोलीत शिरला. मनी फटीसमोर बसली. ओरबाडलं न्हाई, ओरडली न्हाई, नुसती वाट पाहत होती. मग आत घुंगरू वाजलं आणि चेंडू सावकाश बाहेर आला.

मी पुन्हा टाकला. पुन्हा आला. उंदीर असेल का? पण उंदीर असता तर मनी अशी शांत बसली असती?

हे म्हणाले, "फरशीला उतार असंल. कशाला घाबरून राह्यलीस?"

मी फटीपाशी गोटी ठेवली. ती आत गेली. उतार आतल्या बाजूला आहे. ह्यांनीपण पाहिलं. किल्ली आणायला दोघंही उठलो न्हाई.

मनीनं पंजानं चेंडू आत ढकलला. घुंगरू वाजलं. मी दाराशी बसून म्हटलं, "मामा, बास करा आता. तिला जेवायचंय."

चेंडू आतच राहिला. मनी उठून माझ्यामागं स्वैपाकघरात आली. मला रडू फुटलं. ते होते तेव्हा इतक्या मायेनं मी त्यांच्याशी एकदाही बोलले नव्हते.