अर्धं अंडं आणि भाताचं टोक

ति. मुर्निताई,

तुला आणि भावोजींना माझा सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? समारिंडाची हवा दमट, तेल लावणं सोडू नकोस. इकडे सगळे खुशाल आहोत. काळजीचं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुला तसं वाटण्याचा संभव आहे.

फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचा स्वयंपाक मी अकरा वर्षं करतो. हार्सोनो साहेबांनी क्लब विकत घेतला त्याआधी ताटात अर्धं अंडं असायचं आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत होतो. साहेबांच्या लवंगी सिगारेटी खपू लागल्या तसं अंडं अख्खं झालं, मग कोंबडी आली, मग ब्राझीलहून एक माणूस आला (त्याला तिखट सोसत नाही, त्याचा रस्सा वेगळा). चार वर्षांत आम्ही पहिल्या श्रेणीत. लोक श्रेय कोचला देतात. कोच चांगलाच आहे, पण अर्ध्या अंड्याच्या दिवसांतही हाच कोच होता. गेल्या महिन्यात ऑफिसातून निरोप आला, अंडं पुन्हा अर्धं करा. मी सुरीला धार लावली. तेव्हापासून तीन सामने झाले, तिन्ही हरलो.

अशात शुक्रवारी क्लबचा वाढदिवस आला. पिवळ्या भाताचा डोंगर मीच रचला. (टोक कलंडू नये म्हणून आत थोडा चिकट तांदूळ घातला, आईची युक्ती.) टोक साहेब कापतात आणि ज्याला सर्वांत मोठा मान द्यायचा त्याला देतात. दरवर्षी कोचला देतात. यंदा ते ताटली घेऊन कोचवरून पुढे गेले, मॅनेजरवरून पुढे गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ताटली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पारजियो, तुझ्या हातचं खूप खाल्लं." माझ्या हाताला मिरचीचा ठेचा लागलेला होता.

तेव्हापासून झोप नाही. माझी मर्जी राखायला गोलकीपर बायु भांडी घासू लागला. कोच अकरा वर्षांत पहिल्यांदा चुलीपाशी आला. "पारजियोभाऊ, साहेबांच्या कानावर घाला, पुढे खेळायला एक माणूस हवा." मी म्हटलं, माझी धाव मिठापर्यंत. तो म्हणाला, "आता आम्हालाही बनवता होय?" मग मॅनेजरने हळूच विचारलं, क्लब विकताहेत का. मी घाबरून नाही म्हणालो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की खुद्द साहेबांच्या माणसाने सांगितलंय, क्लब इथेच राहणार. त्या भरवशावर बायुने लग्नासाठी इथलाच हॉल ठरवला.

मंगळवारी साहेबांचा ड्रायव्हर वागिमिन जेवायला आला. मी त्याला कोंबडीचा मोठा तुकडा वाढला आणि विचारलं, मलाच का रे? तो चावत म्हणाला, "खुळ्या, क्लब विकलाय. तुझ्या ताईच्या गावच्या कोळसा खाणवाल्याला. नाव, कोच, मॅनेजर, पोरं, गोलच्या जाळ्या, सगळं जहाजाने समारिंडाला. यादी माझ्यासमोर झाली."

"आणि मी?"

"तिकडे त्यांचा आचारी आहे. त्या दिवशी तिथे होते त्यात यादीत नसलेला तू एकटा. विकलेल्यांना टोक कुठल्या तोंडाने देणार? साहेबांना निरोप कोणाचा तरी घ्यायचा होता."

पोरांना अजून काही माहीत नाही. असो. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
पारजियो

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे का? सहज विचारलं.

ता. क. भावोजी खाणीच्या ऑफिसात आहेत, तेव्हा त्यांनी मालकाच्या कानावर घालावं, की हार्सोनो साहेबांनी भाताचं टोक ज्याला दिलं तो हा माणूस. कारण विचारलं तर माहीत नाही म्हणावं. आणि त्यांचा आचारी कसा आहे, तेही कळव.

ता. क. टोक मानाचं म्हणून मी खाल्लं नव्हतं, झाकून ठेवलं होतं. आता आंबलंय. टाकवत नाही. आज मी अंडी अख्खी वाढली. बायुने विचारलं, काही चांगली बातमी आहे का. मी हो म्हणालो.