मधला भाग

मंगळवार, संध्याकाळ. नळदुर्ग.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. पियानोवरच्या नॉक्टर्नचा, त्या रात्रीच्या हळव्या धूनचा, मधला भाग महिनाभर जमत नव्हता. सुरुवातीचं हळवं येतं, पुढं एकदम वादळ उठतं आणि तिथं माझी बोटं घाबरतात. पियानोचे सर ऑनलाइन शिकवताना सांगतात, "ताई, जरा चिडून वाजवा."

आज शाळेतून येऊन तेच वाजवत होते. दादा आला. "बंद कर ही रडारड," म्हणत त्यानं पियानोचं झाकण माझ्या उजव्या हातावर आपटलं. दोन बोटं काळीनिळी झालीत. मी स्टूल उचललं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. एकदा न्हाय, दोनदा. दुसऱ्यांदा कशाला? तोवर तो मागं सरकला होता. पण दुसऱ्यांदाच मला बरं वाटलं, हे इथं तरी कबूल करते.

तो खांदा धरून दवाखान्यात गेला. मी नुसत्या डाव्या हातानं मधला भाग वाजवला. पहिल्यांदाच वादळासारखा आला. स्वतःचीच भीती वाटली.

आई दारात उभी होती. वाटलं, आता शिव्या घालेल. ती म्हणाली, "तुझ्या बापापुढं मला कधी हात उचलता आला न्हाय." आणि माझ्या बोटांना हळद लावायला बसली.