तू न मारलेली हाक

प्रिय तानी,

आज तुला कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. आपल्या दोघांत कागद कधी लागलाच नाही. मी चौथीतनं शाळा सोडली, तू दुसरीतनं. पत्र लांबच्या माणसाला लिहायचं असतं, असं तूच म्हणायचीस. मी इथं पंजाबात धरणावर आणि तू तिकडं मोशीत, इंद्रायणीच्या काठाला. तरी आपण लांब कुठं होतो?

आता झालोय. म्हणून लिहितोय.

आज दुपारच्या सुट्टीत आमच्या टाइमकीपरनं पेपर वाचून दाखवला. रशियाचं यान चंद्रावर जाऊन आदळलं म्हणे. आत माणूस नव्हता, नुसतं यंत्र. सगळे वाहवा करत होते. एकजण म्हणाला, पुढच्या वेळी मुकादमाला बसवून पाठवा, परत आणायची गरज नाही! सगळे हसले. मी मात्र भाकरी तशीच ठेवून उठलो. कारण हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. तू सांगितलं होतंस. आणि सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या अंगावर ओरडत होतो.

तुला आठवतं का गं, आपल्याला पहिल्यांदा कधी कळलं ते? मला आठवत नाही. आई सांगायची, सुईणीनं कपाळाला हात लावला होता. आधी माझे पाय बाहेर आले, घटकाभरानं तुझे. ‘दोघं बी पायाळू! आवो, हे घर हाय का विहीर?’ पायाळू माणसाच्या तळपायाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आपल्याकडं मानतात. तुला कळायचंच. बारा वर्षांची होतीस तू, परकर वर खोचून लोकांच्या वावरात अनवाणी फिरायचीस, आणि मागं पंचवीस माणसं तोंड मिटून चालायची. मग एका जागी थांबून म्हणायचीस, ‘हितं. पर आधी गूळ-खोबरं द्या, मग सांगते किती खोल ते.’

माझ्याही पायाला कळायचं. मी कुणाला सांगितलं नाही. पोरं ‘पायाळ्या, पायाळ्या’ म्हणून चिडवायची ते मला सोसायचं नाही. बा पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर जायचा, तिथनं त्यानं एकदा माझ्यासाठी जुने बूट आणले. ते मी पायात घातले ते घातलेच. तू म्हणालीस, ‘म्हाद्या, बहिरा हुशील.’ मी म्हणालो, होऊ दे.

पण तुझी हाक बुटातनंही यायची.

ती कशी यायची ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आवाज नसायचा. माझं नाव घ्यायच्या आधी तू जो श्वास घ्यायचीस ना, तेवढाच यायचा. कानामागं. आणि डाव्या पायाला मुंग्या. नदीवर असो, डोंगरात असो, मी उठायचो आणि चालायला लागायचो. मोठे झालो तशी ती कमी होईल, असं सगळे म्हणायचे. कमी झाली नाही. उलट तू वयात आलीस तशी लोकांना तुझी भीतीच वाटायला लागली. पाणी दाखवायला बोलवायचे, पण सोयरीक म्हटली की पाय मागं. ‘पायाळू पोरगी, वीज वढून आणंल घरावर.’ तीन स्थळं अशी गेली. तिसऱ्या वेळी तू चुलीपाशी बसून भाकरी थापत होतीस आणि म्हणालीस, ‘बरं झालं. त्येची विहीर तशीबी कोरडीच निघाली असती.’ आई रडता रडता हसली.

मी मात्र तुला तिथं तसंच सोडून निघून आलो. माझा जीव गावात रमत नव्हता. तू अडवलं नाहीस. एवढंच म्हणालीस, ‘जा. पत्राबित्राच्या भानगडीत पडू नगं. काय असंल तर मी सांगीन.’

आता दोन वर्षांमागच्या त्या कार्तिकातलं लिहितो.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मला क्रेनवर हाताखाली घेतलं होतं. मोठी जागा होती ती, तानी, त्यासाठी मी वर्षभर सिमेंट वाहिलं होतं. आणि भरदुपारी तुझी हाक आली. अशी हाक पूर्वी कधी आली नव्हती. पायातली मुंगी गुडघ्यापर्यंत चढली. मला वाटलं आई गेली. नाहीतर बा. मी कुणाला न सांगता निघालो. दिल्ली, भुसावळ, मनमाड, कल्याण. तीन दिवस उभ्यानं आलो. चिंचवडला उतरलो आणि मोशीपर्यंत जवळजवळ पळतच आलो.

तू अंगणात उभी होतीस. धडधाकट. आई मागं निवडत बसलेली.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘थांब जरा. दिस मावळू दे.’

दिवस मावळला. तू माझं मनगट धरून मला नदीच्या बाजूला नेलंस आणि वर बोट केलंस. एक चांदणी सरळ चालली होती. रशियानं सोडलेला तो दुसरा नवा चंद्र. पारावर मास्तर रोज त्याचं वाचून दाखवत होते.

‘त्यात कुत्री हुती, म्हाद्या,’ तू म्हणालीस. ‘गेली. वर गेली त्याच दिशी गेली. लई उकडत हुतं तिला. ती हाका मारत हुती आन् कुणीबी येत नव्हतं. मला एकटीला ऐकवंना, म्हणून तुला बोलावलं.’

मास्तरांच्या पेपरात तर कुत्री खुशाल आहे, खातेपिते आहे असं छापलं होतं! आणि मी तीन दिवस उभ्यानं आलो होतो.

मी काय बोललो ते तुला तोंडपाठ असेल. मलाही आहे. ‘एका कुत्रीपायी? माझी नोकरी गेली असंल आता! येडी हायेस तू. म्हणून कुणी करून घेत न्हाई तुला.’

हेही बोललो मी. हो, हेही.

तरी तू मला समजावत राहिलीस. म्हणालीस, ‘ऐक तर. आता माणसं जात्याल वर. लांब लांब जात्याल, चंद्राच्याबी पल्याड. तवा तार पोचंस्तवर येळ लागंल. हाकंला येळ लागत न्हाई. सरकार गावोगाव पायाळू पोरं हुडकत फिरंल बघ. जोडीची पोरं. एक वर जाईल, एक खाली राहील. त्यांची शाळा आसंल. तिथं कुणी त्यांस्नी चिडवायचं न्हाई, आन् नुसत्या विहिरी काढायला लावायचं न्हाई.’ मग हळूच म्हणालीस, ‘तू मात्र नापास हुशील. बूट घालतोस.’

मला हसू आलं होतं, तानी. खरंच आलं होतं. ते मी दाबलं, कारण मला रागवायचं होतं. मी म्हणालो, ‘पुन्यांदा मला हाक मारू नगंस. कदीच न्हाई. शपथ घे माझ्या गळ्याची.’

तू माझ्या गळ्याला हात लावलास. बोटं गार होती. आणि जन्मभर मला म्हाद्या म्हणणारी तू, घटकाभरानं मोठा म्हणून मी कितीदा भांडलो तरी कधी मान न देणारी तू म्हणालीस, ‘बरं दादा.’

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. क्रेनवरची जागा गेली होती, पुन्हा सिमेंट वाहायला लागलो. मनात तुला शिव्या देत होतो. वर्ष होत आलं, हाक नाही. मुंगी नाही. मला वाटलं, गेली एकदाची. मला बरंही वाटलं. यासाठी मला माफ करू नकोस.

मग भादव्यात मास्तरांच्या हातचं कार्ड आलं. तानी तापानं गेली, आज बारावा.

मी घरी पोचलो तेव्हा आईनं मला जवळ घेतलं नाही. उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, ‘हाक पोचली न्हाई व्हय रं तुला?’

‘कसली हाक?’

मग बा बोलला. तू अकरा दिवस तापात होतीस. डॉक्टर दोनदा येऊन गेला. पहिल्याच दिवशी बा तार करायला निघाला होता, तर तू त्याला थांबवलंस. ‘तार कशाला? मी सांगते त्याला.’ आणि यांनी ऐकलं! का ऐकणार नाहीत? आधीच्या खेपेला तीन दिवसांत मी दारात आलो होतो, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं? दुसऱ्या कुठल्याही घरात तार गेली असती.

आई रोज विचारायची, ‘दिलीस का हाक?’

‘दिली.’

‘निगाला का?’

‘निगाला. आज दिल्लीत हाय. गर्दी हाय लई.’

दुसऱ्या दिवशी तू सांगितलंस, गाडी चुकली त्याची. मग म्हणालीस, भुसावळ आलं, केळी घेतली त्यानं. मग मनमाड. ती सगळी नावं तुला मीच सांगितलेली. तू तर चिंचवडच्या पलीकडं कधी गेली नव्हतीस. बा रोज चिंचवडच्या स्टेशनात जाऊन उभा राहायचा, आणि संध्याकाळी एकटा परत यायचा. तरी तुझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला नाही.

अकराव्या दिवशी दिवेलागणीला तू डोळे उघडलेस. आईला म्हणालीस, ‘उतरला बघ. बूट हातात घिऊन चालत येतोय. पानी तापव.’

आईनं पाणी तापवायला ठेवलं. वळली तर तू नव्हतीस.

त्या संध्याकाळी मी कुठं होतो, ते विचार ना! इथं कुस्त्या होत्या. मी ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो. पायाला काही नाही. कानामागं काही नाही. तू माझी शपथ इतकी घट्ट धरलीस? तापात सुद्धा सुटली नाही? अगं, मी रागात बोललो होतो. तुला पाताळातलं पाणी कळायचं, आभाळातली कुत्री कळायची, आणि माझा राग खोटा आहे एवढं कळलं नाही?

की कळलं होतं, आणि मी पुन्हा नोकरी गमावू नये म्हणून गप्प राहिलीस? याचं उत्तर आता कुणाला विचारू?

त्या कुत्रीचं मी पुढं एका इंजिनिअर साहेबाला विचारलं. ते म्हणाले, तिला परत आणायची सोयच नव्हती. हे वर सोडणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे तू म्हणालीस तसंच. ती हाका मारत होती आणि कुणी येणारच नव्हतं. तुला ते ऐकवलं नाही. आणि तू स्वतःवर तीच वेळ आणलीस, फक्त हाका न मारता.

मी गावाकडं नसलो की भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळायचीस. आई सांगायची, ताट वर धरून तू चंद्रालाच दम द्यायचीस, ‘म्हाद्या, ओवाळणी बुडवलीस.’ आज त्याच चंद्रावर यान पोचलं गं. उद्या माणसंही पोचतील. जोडीची पोरं शोधत कुणी मोशीत येईल की नाही, मला माहीत नाही. आले तर आपली जोडी त्यांना मिळायची नाही. तू वर गेलीस, मी खाली राहिलो. तेवढं मात्र तू म्हणालीस तसंच झालं.

तानी, आता माझा शब्द ऐक. माझ्या गळ्याची जी शपथ तुला घातली, ती मी सोडवली. बूट आज मुकादमाला देऊन टाकले. या भाऊबीजेला मी मोशीला येतोय. चिंचवडला उतरून अनवाणी चालत येईन, तू आईला सांगितलं होतंस तसा. अंगणात पाट मांडून चंद्राकडं तोंड करून बसेन. आणि यापुढं मला कुणाचीही हाक आली, माणसाची येवो नाहीतर कुत्रीची, मी उठेन. कशापायी, असं विचारणार नाही.

आईला सांगून ठेवतो, पाणी तापव.

तुझा घटकाभरानं मोठा,
म्हाद्या