जास्तीच्या मनुका

दारव्हा,
मंगळवार, ३० डिसेंबर

प्रिय रुपालीताई,

तुझ्या भटक्या भावाचा सप्रेम सलाम. संघर्ष भाऊजींना माझा जयभीम सांग. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे वरून दिसते तेवढे तरी बरे आहोत.

मी नाताळाच्या आठवडाभर आधी घरी आलो. आदिलाबादकडे बोअरच्या गाडीवर होतो. तिथं पाणी कमी अन् धूळ जास्त, म्हणून सोडलं. आता पुढं काय ते मला विचारू नको, आई रोज विचारते. घरच्या कोणाचाच फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. अक्षर लावून वाच.

यंदा तूर चांगली आहे. आईनं एक बकरी घेतली, ती आपल्या घरचं सोडून विमलताईंच्या अंगणातलं खाते. विमलताई परवा कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या बकरीले दहा आज्ञा शिकवा." आईला राग आला, मला हसू आलं. असो, बकरीचं सांगायला मी बसलो नव्हतो.

घरी आल्यापासून मला बाबांची शंका येऊन राह्यली होती.

चर्चमध्ये मंडळीच्या प्रभुभोजनाला भाकरीबरोबर देतात तो रस अजून बाबाच करतात. काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, मग ते लहान लहान स्टीलचे कप स्वतः धुवायचे. भिजलेल्या मनुका तू चोरायचीस अन् फटका मला बसायचा, आठवते ना? नाताळाच्या उपासनेत मी बाबांच्या मागच्या बाकावर होतो. भाकरीचं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं. त्यांनी तसंच पुढं दिलं. कपांचं ताट आलं, तेही तसंच पुढं दिलं. स्वतः केलेला रस, अन् थेंब नाही घेतला. सगळ्या रांगेनं पाहिलं. विमलताईंचा चष्मा तर नाकाच्या शेंड्यावर आला.

घरी आईनं सांगितलं की हे जुलैपासून सुरू आहे.

आपल्या मंडळीत कोणी भाकर घेत नाही म्हटलं की लोक तोंडावर बोलत नाहीत, मनात शोधत बसतात. दारू असेल. बाई असेल. कोणाचं काही दाबलं असेल. प्रार्थनेला डोळे मिटतात, पण एक डोळा शेजाऱ्यावर. मी फिरलो तिथं ढाब्यावरसुद्धा माणसाकडं इतकं कोणी पाहत नाही. अन् खरं सांगू का, मीही तेच करत होतो. बाबा शर्ट काढून न्हाणीत गेले की मी खिसे हुंगायचो. तंबाखूचासुद्धा वास नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, हळूच विचारलं. बाबा म्हणाले, "अजून माही तयारी नाही, साहेब." पाळकसाहेब चांगले आहेत, पण त्यांच्यामागं मंडळी लागली आहे. ते म्हणाले, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारपर्यंत थांबतो, मग कपांचं काम दुसऱ्याकडं द्यावं लागेल अन् मंडळीपुढं कारणही सांगावं लागेल. बाबा "द्या" म्हणाले. साहेब गेल्यावर बाबांनी धुऊन ठेवलेले कप पुन्हा धुतले.

आईची शंका वेगळीच. तिनं मला चुलीपाशी बोलावलं. बाबा दर शनिवारी नेरला जातात, तुरीचा भाव काढायला म्हणून. आई म्हणाली, "दारव्ह्यात भाव समजत नाही का? अन् अर्ध्या किलोत रस होते, तर किलोभर मनुका कायले आणते हा माणूस? बाकीच्या कोणाच्या घरी जातात, ते पाहून ये." या वयात आई असं बोलते म्हणून मी आधी हसलो. मग हसलो नाही.

शनिवारी बाबा नेरच्या फेऱ्या करणाऱ्या हरिसिंगच्या जीपमध्ये बसले. मी मागच्या जीपमध्ये. (त्या जीपमध्ये एका म्हाताऱ्यानं मला इतकं बोलण्यात गुंतवलं की नेरला उतरायचंच राहत होतं.) स्टँडवरून बाबा असे भरभर निघाले की रस्ता पायांना पाठ असावा. एका गल्लीत पंक्चरच्या दुकानापाशी थांबले. दुकानवाल्यानं न विचारता त्यांच्यासाठी स्टूल काढला, म्हणजे ओळख जुनी. बाबा बसले नाहीत. खिशात हात घालून समोरच्या दाराकडं पाहत राहिले. दारात एक बाई शिलाई मशीनवर मान घालून बसलेली. मी मनात म्हटलं, आई खरी निघाली.

मग त्या बाईनं मान वर केली, अन् ती तू होतीस.

बाजूला पाळणा होता. ताई, तू नेरला राहतेस हे ठाऊक नव्हतं, अन् मी मामा झालो हेही मला कोणी सांगितलं नाही. घरात कोणाला माहीत असेल तर बाबांना, अन् ते रस्त्याच्या अलीकडून.

तू पाळण्याला झोका दिलास, पुन्हा मशीन चालू केलीस. बाबा वळले. परत येताना मी त्यांच्याच जीपमध्ये चढलो, लपण्यात आता अर्थ नव्हता. त्यांनी मला पाहिलं अन् सरकून जागा दिली. हरिसिंग म्हणाला, "काका, आज प्रसाद नाही का?" बाबांनी खिशातली पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. तो चावत चावत मला म्हणाला, "होळीपासून दर शनिवारी मनुका चारते तुहा बाप मले. देवमाणूस आहे."

तुझ्यासाठी नेलेल्या, ताई. रस्ता ओलांडवला नाही की त्या हरिसिंगच्या.

स्टँडवरून घरी पायी येताना मी विचारलं. बाबांनी सांगितलं. जुलैमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश केला होता, कोणाचं मन आपल्यामुळं दुखलं असेल तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, मग यावं. आपण सगळे ते ऐकतो अन् घरी येऊन मटण खातो. बाबांनी तेव्हापासून भाकर सोडली.

"मंग रस्ता काहून नाही ओलांडत?" मी म्हटलं.

"तिनं मंडळीबाहेर लगन केलं तवा मी तिले मेली म्हणलो होतो," ते म्हणाले. "आपल्याच पायरीवर. आता पाय उचलतो तवा मीच मले विचारतो, उकंडा, तू पोरीसाठी चालला का भाकरीसाठी? भाकर भेटावी म्हणून तिच्यापुढं हात जोडले, तर ते देवापाशी बी खोटं अन् तिच्यापाशी बी."

साऱ्या मंडळीनं बाबांवर शंका घेतली, मी घेतली, आईनं घेतली. पण त्यांच्याएवढी कोणीच घेतली नाही. मला वाटते, कपाला हात न लावणाऱ्या त्या एकट्यालाच त्या कपाचं वजन माहीत आहे. बाकी आम्ही पिऊन मोकळे.

तरी माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी सहज मानत नाही. चालता चालता हिशेब लावला. उपदेश जुलैचा. हरिसिंग म्हणते होळीपासून. म्हणजे भाकरीचा प्रश्न निघायच्या कितीतरी आधीपासून बाबा त्या पंक्चरच्या दुकानापाशी उभे आहेत. हरिसिंगनं पुरावा खाऊन टाकला, पण साक्ष पक्की आहे. हे मी बाबांना सांगितलं नाही. ते त्यातही स्वतःची काहीतरी खोट काढतील. तुला सांगतो.

आईलाही सगळं सांगितलं. तिनं पेटीतून दोन जुनी लुगडी काढली अन् बाळाच्या गोधडीला टाके घालायला बसली.

या शनिवारी बाबा पुन्हा येतील. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार आहे, पण पाळकसाहेबांच्या कपांसाठी तू काही करू नको. ते काम गेलं तर गेलं. माफ कर असंही मी म्हणत नाही, पायरीवर तू उभी होतीस, मी नव्हतो. फक्त हाक मारू नको, हाक मारली तर ते पळतील. मनात आलं तर तुझ्या दारापुढं, रस्त्याच्या तुझ्या बाजूला, एक स्टूल ठेव. नाही आलं मनात, तर नको ठेवू.

हा कागद हरिसिंगच्याच हातानं पाठवतो. आत काय आहे ते त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याच्या मनुका बंद होतील.

ज्याला अजून बाळाचं नाव माहीत नाही, तो मामा,
ऋतिक