टॅब आत गेला

१० फेब्रुवारी
केनवडला उत्तमरावांकडे. रोडलगतच्या प्लॉटवर स्लॅबचं घर बांधायचंय. हॉल, किचन, देवघर, दोन बेडरूम.

लॅपटॉपचं बिजागर आज पूर्णच गेलं. ओसरीत बाजेवर बसून एका हाताने झाकण धरलं, दुसऱ्या हाताने माउस. उत्तमराव थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, थे झाकन म्या धरू का?" धरलं. माणूस स्वतःच्या घराचा नकाशा स्वतःच उचलून बघतोय असं तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळ्याला हो म्हणतात. मला अशांची फार भीती. आता हो म्हणायचं आणि प्लास्टर झालं की भिंत पाडायची.

ओटा कुठे हवा, काकूंना विचारा म्हटलं. "तुमीच ठरवा साहेब, तिले काय समजते." आत कुणीतरी पातेलं जरा जोरातच ठेवलं.

गेलो तेव्हा ओसरीत एक मुलगी शिलाई मशीनवर होती. मला पाहून कापड गुंडाळून आत गेली. "पोरगी हाये, वैशू. पाहुनी आली चार दिवस."

१३ फेब्रुवारी
नेहाने पुण्याहून टॅब पाठवला. सोबत फोन. "बाबा, लॅपटॉप दुरुस्त करू नका. आता बास." बापाला बास म्हणणारी लेक. याला कीबोर्ड नाही, माउस नाही. सत्तावन्नाव्या वर्षी परत पाटी! हलका आहे, दिवसभर चार्जिंग लागत नाही, बटण दाबलं की उघडतो, सगळं ऐकून घेतलं आणि कपाटात ठेवला. लॅपटॉप वाशीमला दुरुस्तीला दिला.

१६ फेब्रुवारी
टॅब कपाटात नाही. सुनंदाने स्वयंपाकघरात नेलाय. तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून त्यात बघून कसलेसे कटलेट. संध्याकाळी दिवाणावर लोळून नेहाशी गप्पा, पोटावर टॅब.

म्हटलं, लॅपटॉप इतकी वर्षं घरात होता, त्याला कधी हात लावला नाहीस. म्हणाली, "तो म्हणजे तुमच्या ऑफिसातली खुर्ची. बसायचं तर विचारून बसायचं. हे आपलं उशीसारखं आहे, ज्याच्या हातात त्याचं."

कटलेट बरे होते. तसं सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी
लॅपटॉप अजून वाशीमलाच. नाइलाजाने टॅब घेऊन केनवड.

उभ्याउभ्याच उघडला. वाट पाहणं नाही, वायर नाही, बोर्ड कुठे आहे विचारणं नाही. हे बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

उत्तमरावांना म्हटलं, बोट लावून सरकवा. त्यांनी लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. बोटांना तुरीच्या सोंगणीच्या भेगा, वर घट्टे, काचेला ते बोट वाटेचना. धोतराला पुसून झालं, जिभेवर ओलं करून झालं. "मले वयखतच नाई हे," म्हणाले. दोघंही हसलो.

तेवढ्यात दाराआडून सून, रुपाली: "मामाजी, आत द्या ना जरा. आत्याबाईले पाहाचं हाये." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, काकू. उत्तमराव माझ्याकडे बघायला लागले. मी दिला. टॅब आत गेला.

यावर नीट लिहायला पाहिजे. लॅपटॉप कधी आत गेला नसता. त्याच्यामागे मी लागतो, खुर्ची लागते. आणि मी परका पुरुष, ओसरीच्या पुढे जात नाही. एवढी स्वयंपाकघरं काढली, त्यात उभी राहणारी बाई काय म्हणते ते मला नेहमी तिच्या नवऱ्याने सांगितलं. त्याला तरी कुठे माहीत असायचं.

आत बराच वेळ हसणं. उत्तमराव तिसऱ्यांदा तंबाखू मळत होते.

परत आला तो काचेवर पीठ घेऊन. ओटा पूर्वेला नेलेला, मोरीचं दार फिरवलेलं. दोन्ही बरोबर, मलाच सुचायला हवं होतं. आणि मुलगा गणेश आणि रुपालीच्या बेडरूममधून एक वाकडीतिकडी रेघ. बोटाने मारलेली. खोलीचा एक तुकडा वेगळा काढलाय. नाव नाही.

हे काय, विचारलं. उत्तमरावांनी टॅब जवळ ओढला. मग म्हणाले, "लेकराबाळानं मारली असन." या घरात लेकरूबाळ नाही. बोटाने पुसायला गेले, काचेने ते बोटही ओळखलं नाही. "पुसा साहेब तुमी."

घरी जाऊन पुसतो म्हटलं. पुसली नाही.

२१ फेब्रुवारी
सु.ला दाखवलं. तिने एका नजरेत सांगितलं, "ही वैशालीची खोली." तिचे ब्लाउज वैशालीच शिवते, मला पत्ता नाही. वैशाली चार वर्षांपूर्वी दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. तिकडून कुणी न्यायला आलं नाही, इकडून कुणी सोडायला गेलं नाही. का ते सु.ने विचारलेलं नाही. घरात मात्र अजून पाहुणीच. कुणी विचारलं की, आली हाये चार दिवस. संध्याकाळी मशीनवर चादर टाकतात, बाहेरून कळू नये म्हणून.

मलाही तेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती.

रेघ काकूंची असणार. आईच ती. पण सुनेच्या खोलीतून काढलीय, म्हणजे घरात भांडण लागणार आता. बेडरूम तेवढी मोठी काढलीच कशाला मी.

२७ फेब्रुवारी
केनवड. टॅब आत पाठवला. आला तो रेघ पुसलेली. कागदावर खोडलं तर निदान डाग राहतो. इथे काही नाही, जणू कधी नव्हतीच.

मोरीचा उतार विचारायचा राहिला म्हणून परत पाठवला. उतार काय, मला माहीत होता. आला तो रेघ परत हजर, जरा जास्तच ठळक.

देवघराचं निमित्त करून तिसऱ्यांदा. पुसलेली.

आत भांडणाचा आवाज नाही. एक शब्दसुद्धा नाही. चहा आला, हात रुपालीचा. उत्तमराव माझ्याशी सोयाबीनच्या भावावर बोलत होते आणि डोळा काचेवर.

रस्त्यात कळलं. लॅपटॉपवर हे मला सांगावं लागलं असतं. मी उत्तमरावांना विचारलं असतं. त्यांना चारचौघांत हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. यावर कुणाला काही सांगावं लागत नाही. बोट ठेवायचं, बोट उचलायचं. नेहाने वजन सांगितलं, बॅटरी सांगितली, पण हे काही तिने सांगितलं नाही. तिला तरी कसं माहीत असणार.

५ मार्च
लॅपटॉप आला. कॉलम, बीम, मापं, सगळं त्यावरच काढलं. बारीक काम अजून तिथेच होतं, तेवढी इज्जत त्याची राहिली. दोन नकाशे केले, एक खोलीसह, एक खोलीविना. टॅबमध्ये दोन्ही ठेवलेत. सु. म्हणते तुम्ही मध्ये पडू नका. मी कुठे पडतोय.

९ मार्च
दुपारी उत्तमराव एकटेच रिसोडला, माझ्या ऑफिसात. जीपने आले. सळईचे भाव विचारले, सिमेंटचे विचारले. पाणी दिलं, प्यायले. बसून राहिले.

मग म्हणाले, "साहेब, खोली काढली म्हंजे मंग झालंच."

काय झालं?

"मंग थे जात नाई आता, हे म्या बापानंच ठरवल्यासारखं झालं. उद्या तिकून कोनी आलं तर? पाह्यलं त्यायनं, का हिची खोली बांधून राह्यले, तर काय म्हनतीन?"

इतके दिवस मी मनात या माणसाला कठोर धरून होतो. लेकीला जागा द्यायची नाही म्हणून नव्हे, तिचा रस्ता आपण बंद करू म्हणून हा अडून बसलाय. चार वर्षं रोज दाराकडे बघत असेल.

उठताना दारात थांबले. "मशीन कुठं ठेवन थे नव्या घरात?"

कोण?

"पाहुनी."

१६ मार्च
केनवड. काकूही आज ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या. मी दोन्ही नकाशे उघडून टॅब मधे बाजेवर ठेवला. आडवा. लॅपटॉप असता तर तोंड एकाकडे आणि पाठ बाकीच्यांकडे. हा सगळ्यांना सारखाच दिसतो.

उत्तमरावांनी खोलीवाल्या नकाशाकडे हनुवटी केली. "हे ठेवा. पाहुन्यायची खोली म्हनून टाका." लगेच जमिनीकडे बघत, "घरात पाहुनेरावळे येतच राह्यते."

मी लिहिलं: पाहुण्यांची खोली.

"अन् खिडकी उगवतीकून. सुईत दोरा ओवाले उजेड लागते. मशीनपाशी बोर्ड पाह्यजे."

पाहुण्यांना सुई कशाला, असं कुणीही विचारलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग दाराआडून रुपाली, "मामाजी, थे रेघ मीच मारली होती."

म्हणजे मी तीन आठवडे सासू-सुनेचं भांडण मनातल्या मनात चालवत होतो ते फुकट. स्वतःची खोली स्वतःच कापून दिली पोरीने. मला त्या दाराकडे बघून हात जोडावेसे वाटले, जोडले नाहीत, इंजिनिअर ना.

आणि त्याच्याही मागून दुसरा आवाज. वैशालीचा, मी पहिल्यांदाच ऐकला. "अन् पुसत मी होती. वहिनीची खोली लहान होते त्यानं."

उत्तमराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले. फार वेळ.

निघताना वैशाली दारात आली. "साहेब, हे आज इथंच राहू द्यान का? मले पाहाचं हाये नीट."

दिला. घरी रिकाम्या हाताने. सु. म्हणाली, "बरं केलंत. दोन दिवस आमटीच करते, ती मला तोंडपाठ आहे."

१८ मार्च
गणेशने टॅब ऑफिसात आणून दिला. सकाळी शेतात, दुपारी रिसोडला, घाईतच होता. "वैशूनं पाह्यलं," एवढंच बोलला.

उघडला. खोली आहे. वरचं नाव पुसलंय, त्या जागी काही लिहिलेलं नाही. आणि भिंत सरकवलीय. अर्धा फूट. वहिनीच्या बाजूला अर्धा फूट परत दिलाय. मोजून पाहिलं, मशीन बसतं, एक खाट बसते, दाराचं फळकूट मशीनला घासत नाही. तिने मापं घेऊनच सरकवली असणार, शिवणारा हात आहे.

आता नाव काय टाकू? पाहुण्यांची ती म्हणत नाही. माझी असंही म्हणत नाही. ठरवलं नसेल अजून. मला घाई नाही, पंचायतीत द्यायच्या नकाशावर नुसतं 'खोली' चालेल.

फोन केला नेहाला. उगाच. "काय बाबा?" "काही नाही, टॅब चांगला आहे." बराच वेळ हसली.

३० मार्च, पाडवा
सकाळी नारळ फोडला, लगेच लाइनआउट, जमिनीवर घराची आखणी. मिस्त्रीने दोऱ्या बांधल्या, चुन्याची फक्की टाकली, पांढऱ्या रेघांचं घर सव्वानऊला तयार. उन्हात टॅबवर काही म्हणता काही दिसेना, टॉवेल डोक्यावर घेऊन वाकून बघावं लागलं. हा एक दोष आहे त्याचा. लिहून ठेवतो, नेहाला सांगायला.

फक्की टाकली की सगळे तिच्यावरून चालतात, हे दरवेळचं. उत्तमराव सगळ्यांत जास्त. हॉलमधून थेट भिंतीतून किचनमध्ये, तिथून देवघरात, मागे पांढरे पाय. मिस्त्री ओरडून दमला. काकू ओट्याच्या जागी उभ्या राहून हात हलवून बघत होत्या. रुपाली तिच्या खोलीत, गणेशला कपाट कुठे ते दाखवत.

मिस्त्री खुंट्यांवर नावं लिहीत होता. "साहेब, याच्यावर काय लिवू?" म्हटलं, राहू दे सध्या.

वैशाली शेवटी आली. गळ्यात टेप. रेघ ओलांडली नाही. बाहेरून वळसा घालून, दारासाठी जिथे फक्की सोडलीय तिथून आत गेली. खिडकीच्या जागी उभी राहिली, पूर्वेकडे तोंड करून. टेप काढून मोजायला लागली, काय ते तिलाच ठाऊक.

उत्तमराव किचनमधून तरातरा आले आणि तिच्या रेघेपाशी थांबले. इतका वेळ कुठे थांबले नव्हते. खाली बघितलं. मग तेही वळसा घालून आले, दाराच्या जागी, नुसत्या मातीत, आणि चपला काढल्या.

"येऊ का वं?"

तिने मागे वळून पाहिलं. टेप हातातच होती.

मी मिस्त्रीला दुसऱ्या कोपऱ्यातली दोरी तपासायला घेऊन गेलो.